सोडणं आणि सुटणं

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९ आणि श्लोक ३५

गेल्या एकादशीला हरिपाठ संपल्यावर, देवळाबाहेर चपला घालताना आपल्यातलाच एक मुलगा माझ्याजवळ थांबला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. खराडीला टेक्निकल सपोर्टमध्ये पाच वर्षं झाली त्याला. नाइट शिफ्टची कॅब यायची होती, म्हणून घाईतच बोलला. "दादा, मी अडकलोय. पासवर्ड रीसेट, व्हीपीएन, प्रिंटर, परत पासवर्ड रीसेट. बरोबरचे सगळे पुढे गेले. मला धड कोडिंग येत नाही, धड नेटवर्किंग येत नाही. हे सोडून दुसरं काहीतरी करावं म्हणतो. पण आपण तर वाचतो की स्वधर्म सोडू नये. मग काय करू?"

मी काय उत्तर दिलं सांगू? "अरे, वाट्याला आलेलं काम मन लावून कर. फळ त्याच्यावर सोपव." पाठीवर थाप मारली. तो "हो दादा" म्हणाला आणि कॅबकडे पळाला.

घरी येईपर्यंत माझी मलाच लाज वाटायला लागली. कारण मी स्वतः साडेपाच वर्षं टेक्निकल सपोर्ट करून ते सोडलेला माणूस आहे. त्याला दिलेलं उत्तर ऐकायला बरोबर होतं, पण त्यात माझं काहीच खर्च झालं नव्हतं. त्याने प्रश्न विचारला आणि मी त्याला सुविचार दिला. म्हणून आजचं हे चिंतन म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न हाच असेल, म्हणून इथे लिहितोय.

स्वधर्म म्हणजे डेझिग्नेशन का?

आधी तो स्वधर्माचा धाक बाजूला करू या. स्वतःचं कर्म सदोष वाटलं तरी ते टाकू नये, दुसऱ्याचं कितीही चांगलं दिसलं तरी, असं गीता तिसऱ्या अध्यायात सांगते आणि अठराव्यात पुन्हा सांगते. हे खरंच आहे. पण कॉलेजात कॅम्पसला आलेल्या पहिल्या कंपनीने ज्या टीममध्ये टाकलं, ती टीम म्हणजे आपला स्वधर्म, असं म्हणणं जरा जास्तच होतं, नाही का? आपण तिथे पोचलो कसे? ऑफर लेटर आलं, घरात पेढे वाटले, सही केली. एवढंच. आणि आपण हेही विसरू नये की "तू तुझ्या जागी राहा" हे वाक्य या देशात शतकानुशतकं कुणी कुणाला ऐकवलं. स्वधर्म हा शब्द दुसऱ्याला गप्प बसवायला वापरता येतो. म्हणून तो वापरताना जपून वापरावा. परवा मी वापरला, तसा नाही.

आता गंमत बघा. गीतेत काम बदलायची पहिली इच्छा कुणाची? अर्जुनाची! दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की या गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. आयुष्यभर धनुष्य हातात धरलेला माणूस ऐन रणात म्हणतोय की मला हे काम नको. आणि भगवंत त्याला "गप्प बस, लढ" एवढं सांगून थांबत नाहीत. पुढे सतरा अध्याय बोलतात. का? कारण प्रश्न धनुष्य ठेवायचं की नाही एवढाच नाहीये. ते ठेवणारा हात कशामुळे थरथरतोय, हे त्यांना अर्जुनाला दाखवायचंय.

पहिली खूण : दुःख होतं म्हणून सोडलं

अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार येतात. करायलाच हवं असं काम न समजून उमजून टाकून दिलं, तो तामस त्याग. काम त्रासाचं आहे, शरीराला कष्ट होतात, एवढ्याच कारणाने सोडलं, तो राजस त्याग. आणि काम करत राहून त्यातली आसक्ती आणि फळाची हाव सोडली, तो सात्त्विक. राजस त्यागाबद्दल भगवंत एक कडू गोष्ट सांगतात. असं सोडणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही. म्हणजे काम सुटतं, पण माणूस सुटत नाही.

माझी गोष्ट सांगतो. चौथ्या वर्षी एका रात्री अमेरिकेतला एक गृहस्थ माझ्यावर वीस मिनिटं ओरडला. चूक माझी नव्हती. कॉल संपल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि मोबाइलवरूनच दिसेल तिथे अर्ज करायला लागलो. सिस्टिम अ‍ॅडमिन, क्लाउड, टेस्टिंग, डेटा, काहीही. कुठे जायचंय हे ठरलेलंच नव्हतं. फक्त इथून जायचं होतं.

एका ठिकाणाहून इंटरव्ह्यूला बोलावलं. समोरच्या बाई शांत होत्या. त्यांनी विचारलं, "एखादी वेबसाइट उघडत नसेल तर तुम्ही काय करता?" मी तोंडपाठ असलेल्या पायऱ्या सांगितल्या. त्यातली एक होती डीएनएस फ्लश करणं. त्या म्हणाल्या, "छान. ते केल्यावर नेमकं काय होतं?"

मी म्हणालो, "प्रॉब्लेम सुटतो, मॅडम."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. चार वर्षं, रोज दहा-पंधरा माणसांना मी ती एक ओळ टाइप करायला लावत होतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी एक व्यवस्था असते, संगणक सापडलेले पत्ते काही काळ लक्षात ठेवतो, आणि ती आज्ञा ते साठलेले पत्ते पुसते म्हणजे तो पुन्हा नव्याने विचारतो. एवढंच. समजायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मी चार वर्षांत काढली नव्हती.

बसमध्ये बसून परत येताना कळलं की मी दुसरीकडे गेलो असतो तरी हेच घेऊन गेलो असतो. नवीन खुर्ची, नवीन पायऱ्या, आणि "का" न विचारणारा तोच मी.

इथे एक न्यायाची गोष्टही बोलायला हवी. सगळा दोष माझाच नव्हता. एल-वन सपोर्टची घडीच अशी असते की प्रत्येक कॉलला मिनिटं मोजलेली असतात. लवकर तिकीट बंद करणाऱ्याचं कौतुक होतं. खोलात जाणाऱ्याचा सरासरी वेळ वाढतो आणि टीम लीड विचारतो, "काय रे, एवढा वेळ?" अवघड प्रश्न वर एल-टूकडे पाठवायचा, म्हणजे त्यातलं शिकणंही वरच जातं. त्यामुळे ज्या मुलाला पाच वर्षांनी "मला काही येत नाही" असं वाटतं, तो आळशीच असेल असं नाही. त्याला तसं ठेवण्यात अनेकांची सोय असते. पण ही घडी बदलायची वाट बघत बसलो असतो तर मी अजून तिथेच असतो.

नाथांची पै

त्याच आठवड्यात, माझ्या नशिबाने, प्रवचनात एकनाथ महाराजांची गोष्ट निघाली. तुम्ही ऐकलेली आहेच. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे नाथ सेवा करत होते. हिशेबाचं काम त्यांच्याकडे होतं. एका रात्री जमाखर्चात एक पै जुळेना. सगळे झोपले, नाथ दिव्यापाशी बसून वह्या चाळत राहिले. उशिरा केव्हातरी चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराचीच चूक सापडली तर किती होईल! तेच चित्त तिकडे लाव.

आपण या गोष्टीचा शेवट नेहमी सांगतो. मला त्या दिवशी मधला भाग ऐकू आला. कुणी बघत नसताना एका पैसाठी जागणारा माणूस. स्वामींनी ते चित्त पाहिलं आणि मग ते पुढच्या कामाला लावलं. चित्त हिशेबाच्या वहीवरच तयार झालं होतं. वही फेकून तयार झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली. तिला नाव दिलं "का-वही". नेम एकच. रोज बंद केलेल्या तिकिटांपैकी एकाचं "का" शोधायचं आणि चार ओळी मराठीत लिहायच्या. एकच, जास्त नाही. मराठीत अशासाठी, की इंग्रजीत लिहिलं की मी नकळत नॉलेज बेसमधली वाक्यंच उतरवायचो. मराठीत समजल्याशिवाय लिहिताच यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक तिकीट आलं. एका बाईंचं अकाउंट सारखं लॉक व्हायचं. जुनी नोंद पाहिली तर त्यांची अकरा तिकिटं होती. अकरा वेळा आमच्यापैकी कुणीतरी अनलॉक केलं होतं, सगळी वेळेत, सगळी हिरवी. त्यातली तीन माझीच होती. लॉक कुठून होतंय हे सर्व्हरच्या नोंदीत दिसतं, पण ती बघायचा अधिकार मला नव्हता. एल-टूच्या एका सहकाऱ्याला चहा पाजला आणि विनंती केली. नोंदीत मेल सर्व्हरचं नाव होतं. मग बाईंना फोन करून विचारलं की कंपनीचा मेल तुम्ही आणखी कशावर उघडता? त्यांना आठवेना. मग एकदम म्हणाल्या, घरी एक जुना टॅब्लेट आहे, मुलगा त्यावर कार्टून बघतो. पासवर्ड बदलून दोन महिने झाले होते, आणि तो बिचारा टॅब्लेट जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत होता. ठोठावणं जास्त झालं की अकाउंट लॉक.

पहाटेचे चार वाजले होते. टाळी नाही वाजवली, बाजूचा डुलकी घेत होता. पण नाथांची पै म्हणजे काय ते मला त्या रात्री थोडं कळलं. काम तेच होतं, शिफ्ट तीच, पगार तोच. त्या एका तासापुरता मी अडकलेला नव्हतो.

दुसरी खूण : भीती वाटते म्हणून थांबलो

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी तेच ना, आहे तिथेच मन लावून कर! नाही. इथेच थांबलो तर आपण गीता अर्धीच वाचली.

त्याच अठराव्या अध्यायात पुढे पस्तिसावा श्लोक आहे, तो आपण फारसा काढत नाही. तिथे धृतीचे, म्हणजे धरून ठेवण्याच्या शक्तीचे, तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातली तामस धृती कोणती? जिच्यामुळे माणूस झोप, भय, शोक, खिन्नता आणि मद सोडतच नाही, ती. मी हे वाचून थांबलो. चिकाटीसुद्धा तामस असू शकते! एका जागी पाच वर्षं टिकणं हे दिसायला धैर्य, पण आत भीतीला घट्ट धरून बसणं असू शकतं. "माझं प्रारब्धच असं" म्हणणं भक्तीसारखं ऐकू येतं, आणि बऱ्याचदा ती नुसती इंटरव्ह्यूची भीती असते.

आणि त्या यादीत शेवटी मद का असेल? खिन्नतेच्या बाजूला गर्व? विचार केल्यावर वाटलं, "मला काहीच येत नाही" यातही एक गर्व आहे. तो आपल्याला परीक्षेला बसू देत नाही. नापास होण्यापेक्षा न बसलेलं बरं, म्हणजे निदान "बसलो असतो तर..." हे तरी शिल्लक राहतं. नम्रता वेगळी. ती हिशेब नीट मांडते, कमी नाही आणि जास्तही नाही.

त्या मुलाचा हिशेब मी मांडला तर असा होईल. रात्री तीनला घाबरलेल्या माणसाचं ऐकून घेऊन त्यातून नेमकी तक्रार वेगळी काढता येते. एकेक शक्यता बाद करत दोषापर्यंत जाता येतं. समोर न दिसणाऱ्या माणसाला पायरी पायरीने सांगता येतं. हे सगळं येतं. लिनक्स येत नाही, स्क्रिप्ट लिहिता येत नाही, नेटवर्कचा पाया कच्चा आहे. हेही खरं. दोन्ही रकाने भरले की मगच कळतं की पुढे कुठे जाता येईल आणि त्यासाठी किती महिने लागतील. एकच रकाना भरून रडत बसणं हा खोटा हिशेब आहे.

तुकोबांनी निम्मीच बुडवली

शेवटचा मुद्दा घरच्यांचा. कारण आपण एकटे सोडत नाही. आपल्या पगारावर घराचा हप्ता असतो, बाबांची औषधं असतात, बहिणीची फी असते.

तुकाराम महाराजांनी सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत बुडवली, हे आपण अभिमानाने सांगतो. १६३० च्या दुष्काळाने होरपळलेल्या घरातला तो कर्ता माणूस. पण परंपरेत सांगितलेला एक बारकावा निसटतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली, आणि आपल्या वाट्याची बुडवली. केवढा मोठा विवेक आहे हा! वैराग्य माझं, म्हणून बुडवायचं तेही माझ्या वाट्याचंच. दुसऱ्याच्या जगण्यावर माझ्या त्यागाची सही करायची नाही.

मी सोडायचं ठरवलं तेव्हा आईला विचारलं. ती म्हणाली, "सोड रे, पण हप्ता कसा भरायचा ते आधी कागदावर लिहून दाखव." तिला अठरावा अध्याय पाठ नाही, पण बोलली तेच. मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढेपर्यंत थांबलो. त्याला दहा महिने लागले. त्या दहा महिन्यांत का-वही भरली, दुपारी उठून दोन तास लिनक्स शिकलो, अकाउंट लॉकची कारणं शोधायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती टीमला दिली. नंतर सिस्टिम अ‍ॅडमिनच्या ज्युनियर जागेवर घेतलं. पगार चार हजारांनी कमी, आणि लीड माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पहिले काही महिने तिला "मॅडम" म्हणताना घशात अडकायचं. तेही एक शिक्षणच झालं.

नोटीस पिरियड पूर्ण केला. शेवटच्या दिवसापर्यंत कॉल घेतले. शेवटचा कॉल पासवर्ड रीसेटचाच होता. त्या माणसाला काही माहीत नव्हतं, तो "थँक यू" म्हणून ठेवून गेला. मला मात्र त्या दिवशी त्या कामाचा राग नव्हता. नोकरी सुटायच्या आधी राग सुटला होता, एवढंच मी अनुभवाने सांगू शकतो.

आणि खरं सांगायचं तर नवीन कामातही कंटाळ्याचे दिवस येतात. आग आहे तिथे धूर आहे, तसा प्रत्येक कामात काही ना काही दोष आहेच, असं भगवंत त्याच अध्यायात बजावतात. धूर नसलेली नोकरी शोधायला निघालात तर आयुष्य अर्ज करण्यात जाईल.

तर त्या मुलाला काल फोन केला. आधी माफी मागितली. मग म्हणालो, "सोड किंवा राहा, ते मी नाही सांगणार. दोन प्रश्न विचार स्वतःला. सोडत असशील तर नुसतं दुखतंय म्हणून सोडतोयस का? आणि राहत असशील तर नुसती भीती वाटते म्हणून राहतोयस का?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, दोन्हीचं उत्तर हो येतंय."

मी म्हटलं, "मग अजून ठरवायची वेळ आली नाही. वही घे एक." पुढच्या रविवारी तो वही घेऊन घरी येणार आहे. डीएनएसपासून सुरुवात करू.

आजचा नेम : आज केलेल्या कामांपैकी एक निवडा. ते "कसं" करायचं हे तुम्हाला येतंच. ते "का" तसं होतं, हे शोधून चार ओळी मराठीत लिहा. मग झोपा.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, जे हातात आहे त्यात मला पूर्ण उतरू दे. जे सोडायचं आहे ते राग न धरता सोडू दे. आणि कुणी अडचण घेऊन आला तर सुविचार देऊन त्याला वाटेला लावण्याची घाई माझ्याकडून होऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!